गोंदूरची चंबळ, चाळीसगावचा रेम्ब्रांट

मध्य प्रदेशातल्या मंदसौर जिल्ह्यात चंबळ नदीवर गांधीसागर धरण आहे. तिथे काँक्रीटच्या अखंड ठोकळ्यातून कोरलेली ४५ फूट उंच स्त्री उभी आहे, आणि तिच्याजवळ दोन मुलं. ती स्त्री म्हणजे चंबळ. मुलं म्हणजे मध्य प्रदेश आणि राजस्थान. एका नदीचं पाणी दोन राज्यांनी भावांसारखं वाटून घ्यावं, एवढा मजकूर त्या काँक्रीटच्या कुटुंबात आहे. शिल्पकार राम वनजी सुतार, जन्म १९२५, गाव गोंदूर, जिल्हा धुळे. पुढे १८२ मीटर उंचीच्या सरदार पटेलांच्या पुतळ्यामुळे त्यांचं नाव घरोघरी गेलं, पण कारागिरीपलीकडचं त्यांचं डोकं बघायचं असेल तर चंबळ पाहावी असं मला वाटतं.

पाश्चात्त्य कलेतली प्रतीकं कशी वाचायची, याची सुरुवात फ्लॉरेन्स किंवा पॅरिसपासूनच करायला हवी असं नाही. खानदेशी माणसाने घडवलेल्या या पुतळ्यापासूनही ती करता येते, कारण त्यात युरोपचा दीड-दोन हजार वर्षांचा शिरस्ता दडलेला आहे.

आधी वाचण्याची रीत पाहू. एर्विन पानोफ्स्की या जर्मन कला-इतिहासकाराने १९३९ साली ती तीन पायऱ्यांत मांडली. पहिली पायरी म्हणजे नुसतं पाहणं: एक स्त्री आहे, दोन मुलं आहेत, ती त्यांना जवळ घेते आहे. दुसरी पायरी ओळखण्याची: ही कोण? इथे डोळ्यांचं काम संपतं आणि माहितीचं सुरू होतं. पुतळा धरणावर आहे, नदीचं नाव चंबळ, प्रकल्प दोन राज्यांचा, हे ठाऊक नसेल तर ती कुणाचीही आई ठरेल. तिसरी पायरी विचारण्याची: हे याच काळात, याच जागी, असंच का केलं? धरणं बांधणाऱ्या, राज्यांच्या सीमा नव्याने आखणाऱ्या त्या काळातल्या भारताला नदी ही वाटणी करणारी नव्हे, सांधणारी आई म्हणून हवी होती. पानोफ्स्कीचं स्वतःचं उदाहरण साधं होतं. रस्त्यात ओळखीचा माणूस टोपी उचलतो. हात हलला हे डोळ्यांना दिसतं. तो नमस्कार आहे हे मात्र रिवाज माहीत असणाऱ्यालाच कळतं.

आता ही नदीबाई आली कुठून? नदीला माणसाचं रूप देण्याची रोमन चाल फार जुनी. व्हॅटिकनच्या संग्रहात नाईल नदीचा प्राचीन पुतळा आहे. एक धिप्पाड म्हातारा लवंडून बसलाय आणि त्याच्या अंगाखांद्यावर सोळा पोरं खेळताहेत. सोळाच का? नाईलच्या पुराचं पाणी सोळा हात चढलं की इजिप्तमध्ये पीकपाणी उत्तम, असा हिशेब होता. एकेक मूल म्हणजे पाण्याचा एकेक हात. मुलांच्या संख्येत अर्थ भरण्याची ही युक्ती चंबळच्या दोन मुलांपर्यंत सरळ येते.

रोमच्या पियात्सा नव्होना चौकात बेर्निनीने १६५१ साली पुरं केलेलं चार नद्यांचं कारंजं आहे. नाईलच्या डोक्यावर वस्त्र ओढलेलं, कारण तिचा उगम तेव्हा युरोपला सापडला नव्हता. आणि आपली गंगा? ती तिथे दाढीवाला पुरुष आहे, हातात वल्हं, म्हणजे नावा चालतील अशी नदी. मराठी वाचकाला हे पाहून हसूच येईल. आपल्याकडे तापी सूर्याची लेक, नर्मदा मैया, गंगा माता. नदीला मिशा फुटलेल्या आपण पाहिलेल्या नाहीत.

इथेच सुतारांची चंबळ युरोपपासून फुटून निघते. जे. जे. स्कूलमध्ये मेयो पदक मिळवून ते बाहेर पडले आणि १९५४ पासून काही वर्षं पुरातत्त्व खात्यात अजिंठा-वेरूळच्या शिल्पांच्या डागडुजीचं काम करत होते. वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात, रामेश्वरात, दर्शनी बाजूला मकरावर उभी गंगा आहे. जे. जे.मध्ये शिकवली जाणारी रोमन-युरोपीय घडण आणि वेरूळची उभी नदीदेवता, दोन्ही त्यांच्या हाताखालून गेलेल्या. त्यामुळे चंबळ लवंडलेली नाही, पुरुष नाही, घागर सांडत बसलेली नाही. मुलांसह उभ्या स्त्रीचा नमुनाही युरोपात आहेच, पण तो नदीचा नव्हे, ममतेचा. ख्रिस्ती सद्गुणांपैकी ‘कारितास’ ही नेहमी दोन-तीन लेकरांना कवेत घेतलेली दाखवतात. राफाएलने १५०७ साली ती रंगवली. एकोणिसाव्या शतकात बुगेरोनेही. सुतारांनी जाणूनबुजून ती समोर ठेवली असं माझं म्हणणं नाही. नमुने असेच प्रवास करतात: शाळेतल्या प्लास्टरच्या मूर्तींतून, छापील चित्रांतून, गुरुजींच्या सांगण्यातून. पुढे कोणता नमुना कुठून आला हे कलाकारालाही सांगता येत नाही.

अमूर्त गोष्टीला माणूस बनवायचं तर त्याच्या हातात काय द्यायचं, याचा युरोपात चक्क कोशच होता. चेझारे रिपा या इटालियनाने १५९३ साली ‘इकोनोलोजिया’ छापली. १६०३ च्या आवृत्तीत चित्रंही आली. सत्य, आळस, मैत्री, हेवा, सगळ्यांचा पोशाख आणि सामान वर्णानुक्रमे. पुढची दोनशे वर्षं चित्रकार ती उघडून कामं करत. जळगावहून रेल्वेने मुंबईला जाणाऱ्याने या परंपरेचा एक वारस डोक्यावर पाहिलेला असतो, मान वर केली असेल तर. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या घुमटावर उभी असलेली स्त्री म्हणजे ‘प्रगती’: उजव्या हातात उंच धरलेली मशाल, डाव्या हाताशी आऱ्यांचं चाक. खाली फाटकावर सिंह आणि वाघ बसले आहेत, एक ब्रिटनचा आणि एक हिंदुस्थानचा. फलाटावर उतरणाऱ्या लाखो लोकांना हे कुणी सांगितलेलं नसतं, पण १८८८ साली इमारत पुरी करणाऱ्यांना ते वाचलं जावं अशीच अपेक्षा होती.

कोश असला तरी अर्थ कोशात बसून राहत नाही. न्यायदेवतेच्या डोळ्यांवरची पट्टी घ्या. आपण समजतो, पट्टी म्हणजे निःपक्षपात. पण ही पट्टी युरोपात ठळकपणे दिसते ती १४९४ सालच्या सेबास्टियन ब्रांटच्या ‘मूर्खांचं जहाज’ या पुस्तकातल्या लाकूडठशात, आणि तिथे एक विदूषकी टोपीवाला मूर्ख मागून येऊन न्यायदेवतेचे डोळे बांधतो आहे. म्हणजे थट्टा! कज्जेदलालांनी न्याय आंधळा केलाय, असा टोमणा. पुढच्या काही दशकांत तोच टोमणा गुण म्हणून स्वीकारला गेला. आणि २०२४ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयातली नवी न्यायदेवता चर्चेत आली: साडी नेसलेली, उजव्या हातात तराजू, डाव्या हातात तलवारीऐवजी संविधान, डोळे उघडे. पट्टी आली थट्टेतून, गेली सुधारणेतून. मधल्या पाचशे वर्षांत तराजूला मात्र कुणी हात लावला नाही. प्रतीकांत काही भाग असे चिवट असतात.

हातातल्या वस्तूवरून ओळख पटवण्याची पद्धत आपल्याला नवी नाहीच. जळगावहून तासा-दीड तासावर अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ धरलेला बोधिसत्त्व म्हणून तर पद्मपाणी. युरोपातल्या चर्चमध्ये निरक्षर भाविक याच रीतीने संत ओळखत: किल्ल्या दिसल्या की पीटर, काट्यांचं चाक दिसलं की कॅथरीन, लोखंडी जाळी दिसली की तिच्यावर भाजला गेलेला लॉरेन्स. तबकात दोन डोळे घेऊन उभी असलेली ल्युसी पहिल्यांदा पाहणारा दचकतो. हुतात्म्याला ज्याने छळलं किंवा मारलं तेच हत्यार बहुधा त्याची खूण बनतं, हा ख्रिस्ती कलेचा खास नियम; आपल्या देवांच्या हातातली आयुधं त्यांची स्वतःची असतात, शत्रूची नव्हेत.

आता चाळीसगावला येऊ. स्टेशनजवळच एक घर आहे. तिथे छायाचित्रकार केकी मूस राहत. जन्म १९१२, मुंबई; पारशी कुटुंब. १९३०च्या दशकात ते इंग्लंडला कला आणि छायाचित्रण शिकले, काही देश हिंडले, चाळीसगावला आले आणि मग जवळजवळ पन्नास वर्षं घराबाहेर पडलेच नाहीत म्हटलं तरी चालेल. ३१ डिसेंबर १९८९ ला तिथेच गेले. त्या घराला त्यांनी नाव दिलं होतं ‘रेम्ब्रांट्स रिट्रीट’. मूस कुणाची तरी वाट पाहत राहिले, रात्रीची मेल यायच्या वेळेला दार उघडं ठेवत, अशी कथा गावात सांगतात. चाळीसगावकर ती रंगवून सांगतात आणि सांगू द्यावी. मला त्या कथेपेक्षा दारावरचं नाव जास्त बोलकं वाटतं.

रेम्ब्रांट या डच चित्रकाराचंच नाव का? छायाचित्रकाराला विचारा, तो लगेच सांगेल. स्टुडिओत आजही ‘रेम्ब्रांट लायटिंग’ हा शब्द चालतो. दिवा चेहऱ्याच्या साधारण ४५ अंश बाजूला आणि तितकाच वर ठेवायचा. नाकाची सावली गालाच्या सावलीला जाऊन मिळते आणि अंधाऱ्या बाजूच्या डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उरतो. बस्स, एवढंच तंत्र. पण त्याने अर्थ बदलतो. चेहरा सगळा उजळला की माणूस आपल्याला दाखवला जातो. अर्धा अंधारात राहिला की त्याच्या आत काही चाललंय असं वाटू लागतं. रेम्ब्रांटच्या आधी चित्रातला प्रकाश बहुधा वरून, स्वर्गातून येई आणि देवत्व दाखवी. त्याच्याकडे तो खिडकीतून किंवा दिव्यातून येतो, म्हाताऱ्याच्या कपाळावर पडतो आणि तरीही पवित्र वाटतो. उजेड हीच खूण झाली. वेगळं तेजोवलय काढायची गरज उरली नाही. माझ्या मते युरोपच्या प्रतीकभाषेतला हा सर्वात मोठा बदल आहे, कारण तो वाचायला कोश लागत नाही.

मूस यांची खासियत होती टेबलटॉप छायाचित्रण. टेबलावर बारक्यासारक्या वस्तू मांडायच्या, दिवे लावायचे आणि कॅमेऱ्यातून पाहणाऱ्याला एक अख्खा देखावा समोर उभा राहिला असं भासवायचं. ज्याने घर सोडायचं नाही असं ठरवलंय त्याला दुनिया टेबलावरच आणावी लागते. आणि टेबलावर वस्तू मांडून अर्थ उभा करण्याचा युरोपातला सर्वात समृद्ध प्रकार म्हणजे रेम्ब्रांटच्याच देशातलं वस्तुचित्र.

सतराव्या शतकातल्या हॉलंडकडे पैसा आला, जहाजं आली, मलबारची मिरी आली. पीटर क्लाझच्या १६२७ सालच्या टर्की पक्ष्याचा ‘पाय’ (pie) हा पदार्थ असलेलं चित्र पाहा. टेबलावर पक्षी पिसांसकट सजवून ठेवलाय, शिंपल्याचा पेला आहे, अर्धवट सोललेलं लिंबू आहे आणि पंचांगाच्या फाटक्या पानाची पुडी आहे, तिच्यातून मिरी सांडते आहे. किराणा दुकानातली पुडीच ती. ही चैन दाखवतानाच चित्रकार तिच्यावर भाष्यही करतो. याच कुळातल्या ‘वानितास’ नावाच्या चित्रांत ते उघड होतं: कवटी, विझलेल्या वातीतून निघणारा धूर, घड्याळ, कलंडलेला पेला, तुटलेल्या तारेचं वाद्य, साबणाचा बुडबुडा. सगळं मिळून एकच वाक्य: हे टिकणार नाही. पण चित्र मात्र टिकलं, आणि ते विकत घेणारा व्यापारी ते भिंतीवर मिरवत असे, ही त्यातली गंमत. आपल्या निरूपणांत देह नाशिवंत म्हणून सांगतात तेव्हा समोर केळीचा खांब आणि फुलं असतात. डच माणसाने तोच उपदेश जेवणाच्या टेबलावर मांडून विकला.

एकटा माणूस, बंद खोली, पुस्तकं, कवटी, खिडकीतून उजेड, हा तर युरोपातला स्वतंत्र विषयच. संत जेरोम आपल्या अभ्यासिकेत. ड्यूररने १५१४ साली तो तांब्यावर कोरला. पायाशी सिंह पेंगतोय, कारण जेरोमने त्याच्या पंजातला काटा काढला होता अशी आख्यायिका. रेम्ब्रांटने १६४२ साली तोच विषय घेतला आणि खोली इतकी काळी केली की संत शोधावा लागतो. विषय तोच, सामान तेच, अर्थ निराळा: ड्यूररकडे व्यवस्था, रेम्ब्रांटकडे अंतर्मुखता. चाळीसगावच्या घराला रेम्ब्रांटचं नाव देणाऱ्या एकांतवाशाला या चित्रांच्या रांगेत उभं करण्याचा मोह मला आवरत नाही.

आणि हे येणं-जाणं एकतर्फी नव्हतं. हॉलंडमध्ये पोहोचलेली मुघल लघुचित्रं रेम्ब्रांटने १६५६ च्या सुमारास आणि पुढे समोर ठेवून रेखाटली. अशी वीसहून अधिक रेखाटनं आज शिल्लक आहेत, तीही आशियातून आलेल्या कागदावर. झाडाखाली बसलेल्या मुसलमान साधूंचं एक मुघल चित्र त्याने बायबलमधल्या अब्राहमाकडे आलेल्या पाहुण्यांच्या प्रसंगासाठी वापरलं. म्हणजे चाळीसगावात रेम्ब्रांट येण्याच्या तीनशे वर्षं आधी हिंदुस्थान रेम्ब्रांटच्या टेबलावर पोहोचला होता.

पुन्हा पुन्हा येणाऱ्या विषयांचं मर्म यातच आहे. हाम्बुर्गच्या आबी वारबुर्गने १९२०च्या दशकात मोठमोठ्या काळ्या फलकांवर शेकडो चित्रांच्या प्रती टाचून हेच दाखवलं: देहाची एक ठेवण शतकं ओलांडून परत येते, कधी उलट्या अर्थाने. आईच्या मांडीवर मेलेला मुलगा ही ठेवण मायकेलअँजेलोने १४९९ साली संगमरवरात आणली. केटे कोलवित्सने १९३०च्या दशकात तीच घेतली, पण तिचा स्वतःचा मुलगा पहिल्या महायुद्धात पडला होता. तिच्या शिल्पात देव नाही, नुसती आई आहे. आणि पंढरपुरात जन्मलेल्या चित्रकार हुसेन यांनी मदर तेरेसांची चित्रं करताना तीच मांडी घेतली. चेहरा काढलाच नाही. निळ्या काठाची पांढरी साडी आणि मांडीवर आडवा देह, इतकंच. बिनचेहऱ्याची आई कुणालाही ओळखता येते, कारण ठेवण आधीच आपल्या डोळ्यांत बसलेली असते.

देहाच्या ठेवणीसारखा वस्तूचा अर्थही बदलतो, आणि तिथे जळगावकरांसाठी केळ्याचा विषय टाळून चालणार नाही. लिनियसने १७५३ साली केळीला ‘म्युझा पॅराडिसियाका’ म्हटलं, कारण एदेन बागेतलं निषिद्ध फळ केळंच असावं अशी एक जुनी समजूत होती. चित्रकारांनी मात्र सफरचंदालाच पसंती दिली. पुढे १९१३ साली दे किरिकोने ‘कवीची अनिश्चितता’ हे चित्र काढलं: रिकामा चौक, स्त्रीचं मोडकं धड, त्याच्यापुढे केळ्यांचा घड आणि मागे धूर सोडत जाणारी आगगाडी. लंडनच्या टेट संग्रहालयात ते आहे. युरोपीय समीक्षक त्या केळ्यांत दूरदेशीचं आकर्षण, कामुकता, नाशिवंतपणा वाचतात. रावेर-सावद्याच्या माणसाला घड आणि रेल्वे एकत्र दिसली की त्यात गूढ काहीच वाटणार नाही. वॅगन भरायची वेळ झाली, इतकंच. विसाव्या शतकात कोश मोडला तो असा. चित्रकाराने वस्तू ठेवल्या, पण त्यांचा अर्थ सांगणारं रिपाचं पुस्तक पाठीशी ठेवलं नाही. मौरित्सियो कात्तेलानने २०१९ साली भिंतीला चिकटपट्टीने केळं लावलं आणि २०२४ मध्ये त्याची एक प्रत लिलावात ६२ लाख डॉलरला गेली, तेव्हा वस्तूत काही दडलेलं नव्हतंच. आपण काय किंमत देतो हाच विषय होता. केळी-उत्पादकाने त्यावर चिडावं की हसावं, हे मी त्याच्यावर सोडतो.

खुणा वाचायची सवय लागली की माणूस तिथे नसलेल्या खुणाही वाचू लागतो. याचं ठळक उदाहरण व्हॉट्सअॅपवर फिरतं: पुतळ्यातल्या घोड्याचे दोन पाय वर असतील तर स्वार रणात पडला, एक वर असेल तर जखमी होऊन मेला, चारही जमिनीवर असतील तर अंथरुणात. असा कुठलाही नियम शिल्पकारांनी कधी केलेला नाही. घोड्याचे पाय ठरवतो तोल. काही टन धातू दोन पायांवर पेलणं अवघड असतं. माद्रिदमध्ये पिएत्रो ताक्काने १६४० साली चौथ्या फिलिपचा घोडा मागच्या पायांवर उभा केला तेव्हा तो चमत्कार मानला गेला, आणि तो राजा काही लढाईत मेला नाही. पुण्यात शिल्पकार करमरकरांनी १९२८ साली उभारलेल्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्यासमोर उभं राहून पाय मोजू नयेत. पाहायचं ते स्वाराची मांड, लगाम, घोड्याची मान. अनावर जनावर सहज आवरणारा राज्यकर्ता, हाच रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसपासूनचा अश्वारूढ पुतळ्याचा खरा अर्थ.

विद्वानांचंही असं होतं. यान व्हान आइकच्या १४३४ सालच्या आर्नोल्फिनी दांपत्याच्या चित्रात कुत्रा म्हणजे निष्ठा, दिवसाढवळ्या जळणारी एकच मेणबत्ती म्हणजे देवाचा डोळा, काढून ठेवलेली पादत्राणं म्हणजे पवित्र भूमी, असं पानोफ्स्कीने सांगितलं आणि पिढ्यांनी मानलं. नंतरच्या अभ्यासकांनी त्यातलं बरंच खोडून काढलं. बाई गरोदर दिसते तीही तशी नाही. त्या काळच्या घोळदार झग्याचा पुढचा भाग उचलून धरायची रीतच होती. पादत्राणांचं म्हणाल तर आपल्या घरात आलेला पाहुणा ती रोज दाराशी काढतो. स्वेतलाना आल्पर्स यांनी १९८३ साली डच चित्रांबद्दल असाच मुद्दा मांडला: त्यांचा आनंद पाहण्यात आणि हुबेहूब टिपण्यात आहे, प्रत्येक लिंबात उपदेश शोधू नका.

मग ओळखायचं कसं? मला उपयोगी पडलेली कसोटी अशी. एखादी वस्तू जिथे नैसर्गिकपणे असायला हवी तिथे असेल तर आधी ती वस्तूच समजा. जेवणाच्या टेबलावर लिंबू म्हणजे लिंबू. टेबलावर कवटी असेल तर ती कुणी मुद्दाम ठेवली. धरणावर मुलांसह आई असेल तर तीही मुद्दाम. मग पाहा, तीच वस्तू त्याच काळच्या इतर चित्रांतही त्याच कामासाठी येते का. येत असेल तरच अर्थ लावा. नसेल तर गप्प बसणं शहाणपणाचं.

या सगळ्याचा सराव करायला परदेशी तिकीट काढायची गरज नाही. केकी मूस यांची छायाचित्रं आणि त्यांनी जमवलेल्या वस्तू चाळीसगावच्या त्यांच्या कलादालनात जपून ठेवल्या आहेत, आणि ते स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथे गेलात तर चित्राखालचं नाव शेवटी वाचा. आधी उजेड कुठून येतो ते पाहा, मग टेबलावर काय ठेवलंय ते मोजा, आणि सोबत शाळकरी मूल असेल तर त्याला पहिल्यांदा बोलू द्या.